सापसुरळीचं डोकं कुठल्या बाजूला? तिबोटी खंड्याच्या बिळाबद्दल

कोकणातल्या एका बागायतदारांचा प्रश्न आहे. लांबलचक आहे, म्हणून आधी त्याचा गाभा सांगतो. त्यांच्या कलमांच्या खालच्या अंगाला वहाळ आहे. वहाळाकाठची मातीची दरड दर पावसाळ्यात थोडीथोडी ढासळते, म्हणून १ ऑगस्टपासून तिथं चिऱ्याची भिंत घालायचं ठरलंय. २० जूनच्या सुमारास त्या दरडीतून माती उडताना दिसली आणि एक इवलासा रंगीत पक्षी आत-बाहेर करू लागला. मग दोन-तीन आठवडे तो जवळजवळ दिसेनासाच झाला. आता २० जुलैनंतर चोचीत काहीतरी धरून तो पुन्हा दिसायला लागलाय. त्यांनी विचारलंय ते असं: हा तिबोटी खंड्याच का? एवढ्या पावसात बिळात पाणी जाणार नाही का, वर ताडपत्री घालू का? बिळातून कुबट वास येतो आणि तोंडाशी पांढरे ओघळ दिसतात, पिल्लं मेली असतील का? भाचा फोटो काढतोय आणि पक्षी सापसुरळी चोचीत धरून दहा-दहा मिनिटं फांदीवर बसतो, त्याला सवय झाली म्हणायची का? आणि भिंतीचं काय करायचं?

सगळ्यात आधी दोन गोष्टी, कारण त्या आजच करायच्या आहेत. भाच्याला तिथून उठवा. आणि गवंड्याला १ ऑगस्ट नको म्हणून कळवा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

पक्षी तिबोटीच आहे. तुम्ही दिलेल्या वर्णनात एकच गोष्ट पुरेशी होती: चोच लालभडक नारिंगी आणि पोट हळदीसारखं पिवळं. आपल्याकडे वहाळावर दिसणारा छोटा खंड्या याच्याहून मोठा असतो, त्याची पाठ झगझगीत निळी आणि चोच बहुतेक काळी असते. तो पाण्यावरच्या फांदीवर बसतो आणि माशांवर सूर मारतो. तिबोटी चोचीसकट जेमतेम १३ सेंटिमीटरचा, वजन १५-२० ग्रॅमच्या आसपास. डोकं आणि शेपटीचा वरचा भाग जांभळट, पंख गडद निळे-काळे, कानामागे निळा आणि पांढरा ठिपका. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे ‘आत गेला तो बाप की आई’ यावर डोकं शिणवू नका. मी अजूनही सांगू शकत नाही. नाव पायावरून पडलंय. बहुतेक खंड्यांच्या पायाला चार बोटं असतात, तीन पुढं आणि एक मागं. याचं पुढचं एक बोट नाहीच. उरलेली पुढची दोन बोटं बऱ्याच अंतरापर्यंत एकमेकांना जोडलेली असतात. ही जोडलेली बोटं बिनकामाची वाटतात, पण बीळ खोदताना तीच फावड्याचं काम करतात.

रंग एवढे भडक असूनही हा पक्षी दिसत नाही, याचं कारण तो राहतो कुठं ते बघा. गर्द सावलीचं जंगल, त्यातून वाहणारा अरुंद ओढा, काठाला झुडपं. बसतो खाली, हात-दोन हात उंचीवर, आणि उडतो तो बंदुकीच्या गोळीसारखा. आधी कानावर बारीक, टोकदार शिट्टी येते आणि मान वळवेपर्यंत पक्षी गेलेला असतो. त्यामुळे आयुष्यभर वहाळाशेजारी राहून हा कधी पाहिला नाही, असं सांगणारी माणसं मला दर वर्षी भेटतात. त्यात त्यांची चूक काही नाही.

आता पाऊस. आपल्याकडचे बरेचसे पक्षी पावसाच्या आधी वीण उरकतात. दरडीत बीळ खोदणारा वेडा राघूसुद्धा उन्हाळ्यातच पिल्लं वाढवतो. तिबोटी मात्र मृगाची वाट बघतो. मेअखेर-जूनमध्ये तो कोकणातल्या ओढ्यांवर हजर होतो, पाऊस स्थिरावला की खोदायला लागतो आणि सप्टेंबरनंतर पुन्हा दिसेनासा होतो. हा प्रवास तो बहुधा रात्री करतो. त्यामुळे पावसाच्या तोंडावर काचेवर आपटून पडलेला तिबोटी सकाळी अंगणात सापडण्याचे प्रकार घडतात. असा सापडला तर त्याला पाणी पाजू नका, हळद लावू नका, हातात घेऊन बसू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात कापड अंथरून अंधारात आणि शांत ठेवा. एक-दोन तासांत सावरला तर जवळच्या झाडीत सोडा. नाही सावरला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

पण एवढ्या धो-धो पावसात, मातीत बीळ खोदून पिल्लं वाढवायची हा अव्यापारेषु व्यापार कशाला? दोन कारणं, आणि दोन्ही पाण्याशीच बांधलेली. पहिलं, अन्न. हा नावाचा खंड्या असला तरी याचं पोट माशांवर फारसं चालत नाही. कोळी, रातकिडे, चतुर, छोटे बेडूक, छोटे खेकडे, गोगलगायी, पाली, सापसुरळ्या असा त्याचा शिधा. मे महिन्यात त्याच ओढ्यावर जाऊन बघा, दगड उन्हात तापलेले आणि पानांखाली हालचाल नाही. जुलैमध्ये तिथलंच एक पान उलटा, खाली चार जीव सापडतील. चार-पाच भुकेली पिल्लं पोसायची तर हाच हंगाम. दुसरं कारण माती. तांबडी माती उन्हाळ्यात विटेसारखी होते. वीस ग्रॅमचा पक्षी चोचीनं तिला काय करणार? पहिल्या पावसानं ती भिजून मऊ पडते आणि तेव्हाच खोदण्याजोगी होते. म्हणजे जो पाऊस त्याला माती मऊ करून देतो, तोच उद्या दरड पाडू शकतो. या दोन्हींच्या मधल्या फटीत त्याला संसार उरकायचा असतो.

खोदकाम बघण्यासारखं असतं, पण तुमच्या इथं ते होऊन गेलंय, म्हणून थोडक्यात सांगतो. सुरुवातीला बसायला जागा नसते. पक्षी समोरच्या फांदीवरून सरळ दरडीवर झेप घेतो, चोचीचा टोला मारतो आणि परत फिरतो. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. पाय टेकण्यापुरता खळगा झाला की आत शिरून चोचीनं उकरतो आणि पायांनी माती मागं फेकतो. तुम्हाला उडताना दिसली ती हीच माती. आत वळायला जागा नसते तोवर तो उलटा, शेपटीकडून बाहेर येतो. दोघंही आळीपाळीनं खोदतात. मध्ये दगड किंवा मूळ आडवं आलं तर ते बीळ सोडून देतात आणि शेजारी दुसरं सुरू करतात. तुमच्या दरडीत अर्धवट दोन भोकं आहेत असं तुम्ही लिहिलंय, ती त्यातलीच असणार. तीन जोड्या नाहीत, जोडी एकच.

तयार झालेलं बीळ जवळपास आडवं असतं आणि लांबी एक मीटरपर्यंत जाऊ शकते. तोंड लिंबू सहज आत जाईल एवढंच. टोकाला थोडी ऐसपैस खोली, तिथं अंडी. गवत नाही, पिसं नाही, अंथरूण म्हणून काही नाही. तुमच्या ताडपत्रीच्या प्रश्नाचं उत्तर बिळाच्या रचनेत आहे. ते आत जाताना किंचित चढतं. तोंडाशी शिंतोडे आले तरी पाणी आत साठत नाही, उलट बाहेर वाहून येतं. जागासुद्धा निवडलेली असते ती शक्यतो वरून झाडाची मुळं किंवा गवताचा झुपका पुढं आलेली, म्हणजे नैसर्गिक पागोळीच. पावसापासून बिळाला धोका आहे, पण तो तोंडातून शिरणाऱ्या पाण्याचा नाही. वरच्या जमिनीत पाणी मुरून अख्खी दरड सरकण्याचा आहे, किंवा वहाळ फुगून बिळाच्या पातळीपर्यंत येण्याचा. या दोन्हींवर ताडपत्रीचा उपाय नाही. उलट ती वाऱ्यावर फडफडते, तिच्यावर पावसाचा ताशा वाजतो आणि दरडीचा ओळखीचा चेहरा बदलतो. पक्षी तिथं यायला धजावणार नाही. तुम्हाला खरोखरच काही करायचं असेल तर दरडीच्या वरच्या बाजूला जाऊन बघा. बागेतलं पाणी चर पडून नेमकं त्या जागी येत असेल, तर लांबूनच एक आडवा पाट काढून ते दुसरीकडे वळवा. काम अर्ध्या तासाचं आहे. बिळापासून निदान दहा-पंधरा पावलं लांब राहून करा, आणि बिळाच्या बरोबर वर उभे राहू नका. भिजलेल्या मातीवर माणसाचं वजन पडलं की पुढचं सांगायला नको.

आता हिशेब. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या अभ्यासकांनी कोकणातल्या तिबोटीच्या विणीवर केलेलं काम २००९ मध्ये ‘इंडियन बर्ड्स’ या नियतकालिकात आलं. त्याच्या आधी या पक्ष्याच्या बिळाबद्दल आपण बरंचसं अंदाजानं बोलत होतो. अंडी साधारण चार-पाच. ती उबवायला सुमारे १७ दिवस लागतात आणि त्यासाठी नर-मादी दोघंही आळीपाळीनं बसतात. पिल्लं सुमारे २० दिवसांनी बाहेर पडतात. पहिला डाव फसला तर जोडी त्याच हंगामात दुसरा मांडू शकते.

तुमच्या तारखा यावर बसवून बघू. २० जूनला माती उडत होती, म्हणजे जूनअखेर बीळ पूर्ण. दिवसाला एक अंडं धरलं तर जुलैच्या पहिल्या दोन-चार दिवसांत अंडी पुरी झाली असतील. पक्षी ‘दिसेनासा’ झाला तो हाच काळ. तो गेला नव्हता. एकजण आत बसलेला होता आणि अदलाबदल दिवसातून मोजक्या वेळा, चोरपावलांनी होत होती. तिथून १७ दिवस म्हणजे २० जुलैच्या आसपास अंडी फुटली, आणि तेव्हापासूनच तुम्हाला चोचीत खाऊ दिसायला लागला. पुढं २० दिवस म्हणजे ८-१० ऑगस्ट. यात चार-पाच दिवस इकडेतिकडे होतील. १ ऑगस्टला गवंडी आला तर दरडीच्या आत डोळे उघडलेली, पिसं फुटू लागलेली पिल्लं असतील.

एक सावधगिरी. चोचीत खाऊ दिसला म्हणजे पिल्लं आहेतच असं नाही. विणीच्या सुरुवातीला नर मादीला खाऊ भरवतो, तेव्हाही तो असाच चोचीत काहीतरी धरून फिरतो. पण तो खाऊ बाहेर फांदीवर दिला जातो. तुमच्या इथं तो आत जातोय, रिकाम्या चोचीनं बाहेर येतोय, आणि हे दिवसभर चाललंय. तेव्हा शंका नको.

वासाबद्दल. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बिळाला कुणीतरी विचारतं, आणि काहीजण न विचारताच आत काठी घालून बघतात. कृपा करून तसलं काही करू नका. उघड्यावर घरटं करणारे बरेच पक्षी पिल्लांची शिट चोचीत उचलून लांब नेऊन टाकतात. खंड्यांमध्ये ही रीत नाही. पिल्लं उजेडाच्या दिशेला, म्हणजे बिळाच्या तोंडाकडे पिचकारी मारतात आणि मोकळी होतात. बिळाच्या चढामुळे ते सगळं हळूहळू तोंडाकडे सरकतं. त्यात खेकड्यांच्या कवचांचे तुकडे, किड्यांचे पंख आणि तंगड्या. दोन आठवड्यांत बिळाला जो वास येतो त्याला कुबट म्हणणं हा सभ्यपणा झाला. वास आणि पांढरे ओघळ ही बीळ नांदतं असल्याची खूण आहे. आणखी एक खूण लांबून दुर्बिणीनं बघता येईल: बिळाच्या तळावर तोंडाशी पायांच्या येण्या-जाण्यानं दोन समांतर चाकोऱ्या पडलेल्या असतात. त्या ओल्या आणि ताज्या दिसत असतील तर बीळ चालू आहे. आई-बाप बाहेर आल्याआल्या वहाळात एक-दोन बुड्या मारतात आणि फांदीवर बसून पिसं नीटनेटकी करतात. त्यांनाही तो वास सोसत नसावा, असं माझं आपलं मत.

पिल्लं जन्मतात तेव्हा उघडीनागडी, गुलाबी, डोळे मिटलेली असतात. खालची चोच वरच्या चोचीपेक्षा जराशी लांब. पिसं येतात तीसुद्धा बराच काळ आवरणातच राहतात, त्यामुळे मधल्या काळात पिल्लू साळिंदरासारखं काट्यांचं दिसतं. बाहेर यायच्या थोडे दिवस आधी ती आवरणं गळतात आणि आतले रंग उलगडतात. एवढ्या घाणीत राहून पिल्लू बाहेर कोरंकरकरीत येतं, त्यामागे ही युक्ती असावी. अंडी पांढरीशुभ्र का, हेही विचारतात. अंधाऱ्या बिळात रंग कुणापासून लपवायचा?

आता भाच्याचा फोटो. इथं मी जरा जास्त बोलणार आहे.

खंड्या शिकार पकडतो, फांदीवर आणतो आणि डाव्या-उजव्या बाजूला आपटून निपचित करतो. त्यानंतर तो काय करतो ते बघायचं. स्वतः खायची असेल तर शिकारीचं डोकं घशाकडे वळवतो, म्हणजे गिळताना पाय, खवले, पंख अडकत नाहीत. दुसऱ्याला भरवायची असेल तर उलट: डोकं बाहेर, चोचीच्या टोकाकडे. समोरच्याच्या घशात ती डोक्याकडून जावी म्हणून. तुमच्या भाच्यानं काढलेल्या फोटोत सापसुरळीचं डोकं बाहेर आहे. तो खाऊ त्या पक्ष्याचा नाही. तो पिल्लांचा आहे, बिळाच्या दारापर्यंत आलेला आहे, आणि दारात कुणीतरी उभं आहे म्हणून दहा मिनिटं अडकलेला आहे.

याला सवय म्हणत नाहीत. निर्धास्त खंड्या फांदीवर क्षण-दोन क्षण टेकतो, इकडेतिकडे बघतो आणि सरळ आत. बसून राहिला, डोकं वरखाली झटकू लागला, फांद्या बदलू लागला, बिळाकडे झेप घेऊन मधूनच परत फिरला, की तो अडलेला आहे. आणि फोटोसाठी मिळणारा निवांत वेळ म्हणजे नेमका हाच वेळ असतो, हा यातला विचित्रपणा. चोचीत सरडा, बेडूक, खेकडा धरून स्थिर बसलेल्या तिबोटीचे जे देखणे फोटो आपण बघतो, त्यातले किती फोटो अडवलेल्या खाऊचे आहेत, हे प्रत्येकानं आपापल्या कॅमेऱ्याला विचारावं.

हे मी वरच्या पायरीवरून बोलत नाही. सुरुवातीच्या एका पावसाळ्यात मी बिळासमोर छत्रीआड बसलो होतो. अंगावर हिरवा रेनकोट, वरून पालापाचोळा. आपण दिसतच नाही अशी खात्री. पक्षी छोटा बेडूक घेऊन आला, डोकं बाहेर. बसला. मी वहीत वेळ टिपत राहिलो आणि एवढं शांत निरीक्षण करायला मिळतंय म्हणून मनात खूश. बऱ्याच वेळानं त्यानं बेडूक चोचीत हळूहळू फिरवला. डोकं आत. आणि गिळला. मग उडून गेला. वहीत मी लिहिलं होतं, ‘स्वतः खाल्लं’. त्याचा अर्थ मला चार दिवसांनी कळला आणि तेव्हापासून मी बसायची जागा बदलली. आता बीळ दुर्बिणीतूनच दिसेल एवढ्या अंतरावर, वहाळाच्या पलीकडे, झाडाला पाठ लावून बसतो. निदान तीस पावलं. तेवढ्यावरही पक्षी थबकला तर आणखी मागं. आकडा महत्त्वाचा नाही, पक्षी थबकतो का ते महत्त्वाचं. तो येऊन न रेंगाळता आत जातोय म्हणजे तुम्ही बरोबर जागी बसला आहात.

बाकी फोटोबद्दल पटापट: फ्लॅश नको. बिळासमोरची झुडपं छाटायची नाहीत, त्यांच्या आडोशानंच ते सापापासून आणि घोरपडीपासून थोडंफार लपलेलं असतं. ‘छान बसेल’ म्हणून समोर काठी रोवायची नाही. फोनवर त्याचा आवाज लावायचा तर अजिबात नाही. आणि फोटोसोबत जागेचं नाव टाकू नका. आज तुमचा भाचा आहे, रविवारी दहा गाड्या येतील. कर्नाळ्यासारख्या अभयारण्यात निदान वनविभागाचे लोक असतात. तुमच्या वहाळावर विचारणारं कुणी नाही.

कायद्याचंही एका ओळीत सांगून ठेवतो, भाच्याला किंवा गवंड्याला सांगायला उपयोगी पडेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस करणं आणि त्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं येतं. जमीन तुमची असली तरी.

मग भिंत. पाच-सहा वर्षांपूर्वी मला हा प्रश्न कुणी विचारत नसे, आता दर पावसाळ्यात येतो, कारण वहाळांचे मातीचे काठ भराभर दगडात आणि सिमेंटमध्ये बंद होतायत. तिबोटीला लागते ती उभी, उघडी, भुसभुशीत होणारी मातीची दरड. उतरती असून चालत नाही, कारण तिच्यावर मुंगूस, घोरपड सहज चढतात. नेमकी हीच दरड माणसाला ‘धोकादायक’ वाटते. तुमची कलमं वर आहेत, काळजी रास्त आहे. पण मला सांगा, ऐन श्रावणात भिजलेल्या दरडीचा पाया खोदून भिंत घालणं कितपत शहाणपणाचं? पाया उकरताना वरची माती अंगावर येण्याची भीती पिल्लांइतकीच गवंड्यालाही आहे. काम सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरवर ढकलाच. आणि तेव्हाही सगळ्या लांबीला भिंत लागेलच असं नाही. वहाळ वळतो तिथं बाहेरच्या वळणावर पाण्याचा मार जास्त, तिथं भिंत घ्या. आतल्या वळणाला मार कमी असतो. तुम्ही पाठवलेल्या नकाशावरून बीळ त्याच बाजूला दिसतंय. तिथली तीन-चार मीटर दरड मोकळी ठेवा, वरच्या कडेला झाडोरा राहू द्या. दरड शाबूत असली की पुढच्या जूनमध्ये तिथंच, कधी जुन्या बिळापासून हातभर अंतरावर, नवं बीळ खोदलेलं मी अनेकदा पाहिलं आहे.

दरम्यान दरड ढासळलीच तर? बीळ पूर्ण गाडलं गेलं असेल तर उकरायला जाऊ नका. त्यात वाचण्यापेक्षा चिरडण्याची शक्यता जास्त. बीळ अर्धवट उघडं पडून पिल्लं दिसत असतील, तर हात न लावता १९२६ वर फोन करा आणि कुत्री-मांजरं लांब ठेवा. आई-बाप आसपासच असतात. पिल्लं घरी आणून पीठ, भात, दूध भरवणं म्हणजे त्यांना मारणंच. जोडी सावरली आणि पाऊस हाताशी उरला असेल तर ती पुन्हा खोदते. त्यासाठीही दरड शिल्लक हवी.

राहिला बाहेर पडण्याचा दिवस. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर सकाळी लवकर, लांबून लक्ष ठेवा. आधी आतून येणारी घरघर वाढते. पिल्लू बिळाच्या तोंडाशी येऊन उजेडात डोळे मिचकावतं. आई-बाप खाऊ घेऊन येतात, पण आत शिरत नाहीत, समोर बसून शिट्ट्या मारतात. मग एक पिल्लू धडपडत बाहेर येतं आणि जवळच्या झुडपात कसंबसं टेकतं. रंग मळकट, पोट फिकं, चोचीचा नारिंगी अजून पक्का झालेला नसतो आणि टोक पांढरट असतं. ते जमिनीलगत, हाताला लागेल इतकं जवळ, गप्प बसलेलं दिसेल आणि तुम्हाला वाटेल आजारी आहे. नाही, ते तसंच बसतं. त्याला उचलू नका. आई-बाप पुढचे काही दिवस त्याला बाहेरच भरवतात.

त्यानंतर घाई नको. हंगामातला हा पहिला डाव होता की दुसरा, हे आपल्याला ठाऊक नाही, आणि शेजारच्या अर्धवट भोकांपैकी एखादं ते पुन्हा हाती घेऊ शकतात. सप्टेंबरच्या शेवटी जाऊन तिन्ही भोकं बघा. चाकोऱ्यांवर हिरवं शेवाळ धरलं असेल, ओघळ धुऊन गेले असतील आणि तोंडावर कोळ्याचं जाळं आख्खं असेल, तर गवंड्याला बोलवा.